रेकॉर्ड रूममध्ये आपली मुले हवीत

सरकारी दवाखान्यात कोणत्याही सकाळी जा. फरशी पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, शवागारात काम करणारे दादा, पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचरा उचलणारी कंत्राटी पोरे, यांच्यात आपल्या वस्तीतले कोणी ना कोणी भेटतेच. आता नर्सच्या गणवेशातही आपल्या मुली दिसतात. काही डॉक्टर झाल्या. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, त्याचे हे फळ आहे. पण त्याच दवाखान्यात एक खोली असते. दारावर 'अभिलेख कक्ष' किंवा 'मेडिकल रेकॉर्ड विभाग' अशी पाटी असते. त्या खोलीशी आपला संबंध बहुधा खिडकीच्या बाहेरूनच येतो. हातात जुनी पावती धरून आपण विचारतो, "साहेब, आमचा कागद मिळेल का?"

खिडकीच्या आतल्या खुर्चीवर बसण्यासाठी काय शिकावे लागते, ते शिक्षण आपल्या मुलामुलींच्या आवाक्यात आहे का, पैसे कुठून आणायचे आणि फसवणूक कशी टाळायची, हे या वेळच्या आरोग्य पानावर मांडत आहोत. दहावी-बारावीनंतर पुढे काय, असा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घरातल्या सर्वांनी हे वाचावे.

हा विभाग करतो काय?

आपण दवाखान्यात नाव नोंदवतो तेव्हा एक नंबर मिळतो. त्या नंबरावर आपली सगळी कहाणी जमा होत जाते. डॉक्टरांनी तपासून लिहिलेले, नर्सने दर चार तासांनी लिहिलेले ताप-नाडी-बीपी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, संमतीची सही, शेवटी डिस्चार्ज कार्ड. पेशंट घरी जातो, पण ही फाईल दवाखान्यातच राहते. ती रेकॉर्ड विभागाकडे जाते आणि तिथून खरे काम सुरू होते.

पहिले काम कागद क्रमाने लावण्याचे. दुसरे, काय राहिले आहे ते पाहण्याचे. डॉक्टरची सही आहे का, निदान लिहिले आहे का, ऑपरेशन झाले असेल तर त्याची नोंद आहे का. राहिले असेल तर फाईल वॉर्डात परत जाते. तिसरे काम कोडिंगचे, म्हणजे प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला क्रमांक देणे. या यादीला आयसीडी म्हणतात. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण आपल्याकडे अजून दहावी आवृत्तीच जास्त वापरात आहे. तिच्यात मधुमेहाचा नेहमीचा प्रकार ई ११, नेहमीचा उच्च रक्तदाब आय १०. मुंबईतला मधुमेह आणि केनियातला मधुमेह एकाच क्रमांकाने मोजला जातो, म्हणून देशोदेशीचे आकडे जुळवता येतात.

चौथे काम फाईल ठेवण्याचे आणि मागताच काढून देण्याचे. लाखो फाईलींतून एक फाईल पाच मिनिटांत कशी सापडते? मोठ्या दवाखान्यांत नंबर शेवटून वाचतात. समजा नंबर ४६-५२-२७ आहे. आधी २७ नंबरच्या कपाटाकडे जायचे, त्यात ५२ चा कप्पा शोधायचा, त्यात ४६ वी फाईल. नवी फाईल आली की ती एकाच कोपऱ्यात न साचता सगळ्या कपाटांत सारखी वाटली जाते. फाईल बाहेर काढली की तिच्या जागी एक कार्ड ठेवायचे: कोणी नेली, कधी नेली. गावच्या किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीइतकीच ही शिस्त सोपी आहे आणि तितकीच कडकही.

पाचवे काम हिशोबाचे. शंभर खाटांच्या दवाखान्यात तीस दिवसांत तीन हजार खाटा-दिवस होतात. त्या महिन्यात पेशंट मिळून २४०० दिवस राहिले, तर ८० टक्के खाटा भरलेल्या होत्या. हा आकडा कायम शंभरच्या वर जात असेल, तर एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपत आहेत असे समजायचे. वाढीव खाटा, वाढीव नर्स मागायच्या तर हाच आकडा पुढे करावा लागतो. याशिवाय जन्म-मृत्यूची माहिती निबंधकाकडे पाठवणे, पोलीस केसच्या फाईली वेगळ्या कुलुपात ठेवणे, कोर्टाने मागितले तर मूळ कागद घेऊन साक्षीला जाणे, हेही याच विभागाचे काम.

एक आकडा चुकला तर

नोंद नाही म्हणजे काम झालेच नाही असे धरतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात. वॉर्डात आणि पुढे वस्त्यांत काम करताना आम्हाला या वाक्याचा पूर्ण अर्थ कळला. गरिबाच्या बाबतीत तर नोंद नाही म्हणजे आजारही झाला नाही, असेच धरले जाते.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार नवा नाही. ज्या मुलाला दोन्ही पालकांकडून सिकलचा दोष मिळाला, तो आजारी. ज्याला एकाकडूनच मिळाला, तो वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. आयसीडीच्या दहाव्या यादीत आजाराचा क्रमांक डी ५७.० किंवा डी ५७.१, वाहकाचा डी ५७.३. फरक शेवटच्या एका आकड्याचा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार धरलेला आहे, वाहक असणे धरलेले नाही. हाडे फोडणाऱ्या दुखण्याने महिन्याला शाळा बुडणाऱ्या मुलाच्या कागदावर शेवटचा आकडा चुकीचा पडला, तर त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणाऱ्या सवलती अडकू शकतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. वस्तीवस्तीत रक्त तपासले जाते आहे. पण तपासणीचा निकाल नीट नोंदला नाही, तर टोचलेल्या बोटाचा उपयोग काय?

टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकार एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते 'निक्षय' या संगणक प्रणालीतल्या नोंदीवरून थेट खात्यात जातात. खात्याचा एक आकडा किंवा नावाचे एक अक्षर चुकले की पैसे अडतात. पेशंट औषध घेत असतो, अंडी-दूध मात्र उधारीवर.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरून जीव गमावणारे बहुतेक कोणत्या समाजाचे असतात, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. पण मृत्यूच्या कागदावर नुसतेच 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडून' असे लिहिले तर? हृदय आणि श्वास तर प्रत्येक मृत्यूत बंद पडतात. मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला असतो, त्याच्या सूचनांतच सांगितले आहे की मरण्याची रीत हे मरणाचे कारण म्हणून लिहू नये. विषारी वायू असेल तर त्याला वेगळा क्रमांक आहे. हायड्रोजन सल्फाइडचा टी ५९.६. शिकलेला रेकॉर्ड कर्मचारी असा अर्धवट दाखला पुढे सरकू देत नाही. तो डॉक्टरांना लेखी विचारतो, "मूळ कारण काय?"

मारहाणीच्या केसमध्येही तसेच. डोक्याला जखम, एवढीच नोंद झाली तर ती पडल्यानेही झालेली असू शकते. आयसीडीत जखमेचा एक क्रमांक असतो आणि जखम कशी झाली याचा दुसरा. हल्ल्याचे क्रमांक एक्स ८५ ते वाय ०९ असे स्वतंत्र आहेत. ॲट्रॉसिटी कायद्याखाली मिळणारी मदत काही गुन्ह्यांत वैद्यकीय अहवालावर अवलंबून असते. म्हणून पेशंटने सांगितलेली हकीकत केसपेपरवर उतरली का, हे नातेवाइकांनी पाहिले पाहिजे आणि ती फाईल जपणारा माणूस प्रामाणिक असला पाहिजे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा कोणत्याही चौकशीत प्रश्न ठरलेले असतात. केसपेपर कुठे आहे? ऑपरेशनचे कारण काय लिहिले आहे? पिशवीबरोबर अंडाशयही काढले का? बाईला 'पिशवी काढली' एवढेच माहीत असते. बाकी सगळे कागदाला माहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपला माणूस रेकॉर्डला बसला म्हणजे तो आपल्या बाजूने काही बदलून लिहील, असा याचा अर्थ मुळीच नाही. डॉक्टरांनी लिहिलेले एक अक्षरही बदलण्याचा अधिकार या विभागाला नाही. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लावायचा नाही. आपल्याला हवी ती खरी नोंद. खरी नोंद झाली तरी आपले पुष्कळ काम होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली, ती आकडे समोर ठेवून. खरे आकडे कोणाच्या उपयोगी पडतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

काय शिकावे लागते?

या कामाचे शिक्षण घेताना पाच विषय मुख्य असतात. शरीररचना आणि शरीराचे काम, वैद्यकीय शब्द, कोडिंग, रुग्णालयाची आकडेवारी, आणि संगणकावरील नोंदी. सोबत थोडा कायदा.

वैद्यकीय शब्दांना मराठी माध्यमाची मुले घाबरतात. घाबरू नका. हे शब्द मूळचे ग्रीक आणि लॅटिन आहेत. इंग्रजी शाळेतल्या मुलालाही ते पहिल्या दिवशी परकेच असतात. ते तोडून शिकायचे. शेवटी 'आयटिस' आले की दाह: अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस. शेवटी 'एक्टमी' आले की कापून काढणे: अपेंडेक्टमी, हिस्टेरेक्टमी. सुरुवातीला 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. असे शंभरेक तुकडे पाठ झाले की हजारो शब्द उलगडतात. आपल्या पोरांनी पाली गाथा पाठ केल्या आहेत, हे तर त्याहून सोपे.

मार्ग तीन आहेत.

पहिला, छोटा कोर्स. केंद्रीय आरोग्य खात्याच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्सतर्फे मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचे सहा महिन्यांचे आणि मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचे एक वर्षाचे प्रशिक्षण चालत आले आहे. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीचे जिपमेर ही त्याची जुनी केंद्रे. याशिवाय हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा मेडिकल रेकॉर्ड्स अँड हेल्थ इन्फर्मेशन टेक्निशियन हा कौशल्य कोर्स आहे.

दुसरा, पदवी. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या विषयात जुने आणि नावाजलेले आहे. मणिपाललाही हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटची पदवी आहे. बारावीला विज्ञान असेल तर हा मार्ग खुला राहतो. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच विचार करा.

तिसरा, जे आधीच आरोग्य क्षेत्रात आहेत त्यांचा. नर्स, एएनएम, लॅब टेक्निशियन, फार्मसी झालेले. पाठदुखीने किंवा रात्रपाळीने थकलेल्या कित्येक सिस्टर आम्ही पाहतो. त्यांना आजार, औषधे, वॉर्डचा कारभार ठाऊक असतो. फक्त कोडिंग आणि संगणक शिकायचा राहतो. आमच्या धंद्याची मूळ बाई फ्लोरेन्स नाइटिंगेल स्वतः आकड्यांची मोठी जाणकार होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे तिने नोंदी आणि आकृत्यांनी दाखवले, तेव्हा सरकार हलले. नर्सने रेकॉर्डकडे जाणे म्हणजे पेशंटची सेवा सोडणे नव्हे.

कोणताही मार्ग घेतला तरी टायपिंग हवेच. केंद्रीय रुग्णालयांच्या जाहिरातींत इंग्रजी मिनिटाला ३५ शब्दांची अट दिसते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची. त्यामुळे दहावीच्या सुट्टीतच टायपिंग आणि एमएस-सीआयटी उरकून टाका. हे शिक्षण पुढे दुसरीकडे गेलात तरी वाया जात नाही.

नोकरी कुठे असते?

एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांत मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन हे पद असते. राज्याच्या आरोग्य सेवेत अभिलेखापाल आणि सांख्यिकीची पदे निघतात. महापालिकांच्या रुग्णालयांत नोंदणीची पदे असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात डेटा एन्ट्रीची कंत्राटी कामे असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाच्या दारातच 'आरोग्यमित्र' बसतो. क्लेमचे कागद लावणारी माणसे आतही लागतात. खासगी रुग्णालये आणि विमा कंपन्यांचे क्लेम विभाग हे आणखी एक मोठे क्षेत्र.

मुंबई, नवी मुंबई, पुणे इथल्या काही कंपन्या अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कोडिंग करतात. तिथे आयसीडीची अमेरिकन आवृत्ती चालते आणि तिकडची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पगार बरा असतो, पण काम तासाला इतक्या फाईली अशा मोजमापाचे. पाळी विचित्र. डोळे, मान, कंबर यांच्यावर ताण येतो. मुलगी रात्रपाळी करणार असेल तर घरापर्यंत गाडी देतात का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या.

सरकारी जागा मोजक्या निघतात आणि त्यातल्या बऱ्याच कंत्राटी असतात, हेही मुलांना खरे सांगा. कंत्राटावर लागलात तरी नेमणुकीचा कागद, पगारपत्रक, पीएफ क्रमांक जपून ठेवा. दुसऱ्यांचे रेकॉर्ड सांभाळणाऱ्याने स्वतःचे आधी सांभाळावे.

२०२१ च्या कायद्याने काय दिले?

डॉक्टरांची परिषद होती, नर्सची होती, फार्मासिस्टची होती. रेकॉर्डवाल्याला कोणी विचारत नव्हते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि त्यांत आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा गट आहे. मेडिकल रेकॉर्ड ॲनालिस्ट, क्लिनिकल कोडर, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट अशी नावे त्यात आली. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून ओळख मिळण्यासाठी शिक्षण किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले असावे. वरच्या आरोग्यसेवा व्यावसायिक दर्जासाठी किमान ३६०० तासांची पदवी, असे कायदा म्हणतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सहा महिन्यांच्या कोर्सवर आज काम मिळू शकते, पण पुढे नोंदणी, बढती, अधिकारीपद यांसाठी लांब शिक्षणाची गरज वाढत जाणार. घरची परिस्थिती असेल तर पदवीकडे जा. नसेल तर छोट्या कोर्सवर कामाला लागा आणि कमावता कमावता पुढचे शिक्षण घ्या. सफाईच्या कामात लागलेला माणूस तीस वर्षे सफाईतच राहतो. इथे निदान पुढची पायरी आहे.

पैसे कुठून आणायचे?

मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळात. ती आजही चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची योजना पाहा. राहण्यासाठी समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश मिळाला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कर्ज लागले तर सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

कागद आधी तयार ठेवा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँक खाते आधारशी जोडलेले. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही मिळाल्या. मात्र केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तहसीलमध्ये अर्ज करताना तसे सांगा. जाहिरात निघाल्यावर पळापळ करून दाखला वेळेत मिळत नाही.

पाटी पाहून फी भरू नका

'शंभर टक्के नोकरी', 'घरबसल्या डॉलरमध्ये कमाई' असल्या पाट्या वस्तीच्या तोंडावरच लावलेल्या असतात. वीसेक वर्षांपूर्वी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची अशीच लाट होती. डॉक्टरांचे बोलणे ऐकून टाइप करण्याचे ते काम पुढे संगणक स्वतःच करू लागला आणि अनेकांची फी पाण्यात गेली. म्हणून फी भरण्याआधी पाच प्रश्न विचारा.

एक, प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, सरकारी मंडळ की क्लासवाला स्वतःच? मंडळ म्हणत असतील तर महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या यादीत त्या संस्थेचे आणि कोर्सचे नाव आहे का ते स्वतः पाहा.

दोन, कोर्सचे नाव महाडीबीटीवर दिसते का? दिसत नसेल तर शिष्यवृत्ती मिळणार नाही, हे धरून चाला.

तीन, प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने शिकवणार? ज्याने खरी फाईल हातात घेतली नाही, त्याला हे काम येत नाही. त्या रुग्णालयात जाऊन विचारून या.

चार, मागच्या तुकडीतली मुले कुठे लागली? भिंतीवरचे फोटो पाहू नका, दोघांशी बोला.

पाच, मूळ दाखले ठेवून घेतात का? घेत असतील तर उठून या. फीची पावती प्रत्येक हप्त्याला घ्या.

संगणक आल्यावर माणूस लागेल का?

२७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. 'आभा' नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढला जातो. बऱ्याच दवाखान्यांत मोबाइलवर कोड स्कॅन करून केसपेपर निघतो. नुसते टाइप करण्याचे काम यामुळे कमी होणार, यात शंका नाही. पण संगणकावर दोन 'सुनीता कांबळे' एकच धरल्या गेल्या तर ते ओळखायला माणूसच लागतो. अर्धवट निदानावर प्रश्न विचारायला, कोर्टात उभे राहायला, ज्या आजीकडे मोबाइलच नाही तिचा नंबर शोधायला माणूस लागतो. म्हणून नुसते डेटा एन्ट्रीवर थांबू नका. आजार समजून घेऊन नोंद तपासण्याचे काम शिका. आणि 'आभा' काढणे ऐच्छिक आहे. आपल्या नोंदी कोणाला दाखवायच्या ती संमती आपली असते. वस्तीत कोणी मोबाइल मागून घाईघाईने ओटीपी विचारू लागला तर आधी कशासाठी ते विचारा.

फाईल म्हणजे माणसाची अब्रू

रेकॉर्ड रूममध्ये बसणाऱ्याला सगळे दिसते. कोणाला एचआयव्ही आहे, कोणाचा गर्भपात झाला, कोण मनोरुग्णालयात होता. वस्तीत अशी एक गोष्ट फुटली की लग्न मोडते, घर सोडावे लागते. एचआयव्हीबाबत गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. पण कायद्याआधी आपले शील आहे. खोटे न बोलण्याचे शील पाळायचे म्हणजे खोटी नोंद करायची नाही. आणि जे खरे आहे, तेही चावडीवर बोलायचे नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात भगवान बुद्धांनी पोटाच्या आजाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः धुतले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. तिथेच पुढे चांगल्या रुग्णाची आणि चांगल्या शुश्रूषा करणाराची लक्षणे सांगितली आहेत. आपला आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे जो शुश्रूषा करणाऱ्याला जसे आहे तसे सांगतो, त्याची शुश्रूषा सोपी जाते, असा त्याचा आशय आहे. जसे आहे तसे, एवढे सांभाळले की रेकॉर्डचे निम्मे काम झाले.

नोकरी लागेपर्यंत थांबू नका

हे काम घरापासून सुरू करता येते. प्रत्येक घरात एक जाड प्लास्टिकची फाईल आणा. प्रत्येक माणसासाठी एक कप्पा. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, लसीकरणाचे कार्ड, रक्तगट, सिकलसेलचा निकाल, चालू औषधांची नावे. पावसाळ्यात पाणी शिरते त्या भिंतीपासून फाईल उंच ठेवा. नववी-दहावीतल्या मुलीला किंवा मुलाला घरच्या फाईलची जबाबदारी द्या. तारखेने कागद लावायला शिकले की त्यांना स्वतःलाच कळेल, या कामात गोडी आहे की नाही.

दवाखान्याकडून कागद मागण्याचा हक्कही वापरा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती झालेल्या पेशंटचे रेकॉर्ड डॉक्टरांनी किमान तीन वर्षे ठेवायचे आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे आहे. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा: नाव, आयपीडी नंबर, भरती आणि सुट्टीची तारीख, कोणते कागद हवेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. उशीर झाला तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही वाढतात.

विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतोच. त्यात महिन्यातून एक तास या कामाला द्या. वस्तीत कोणी दवाखान्याच्या ऑफिसात, विम्याच्या ऑफिसात, सेतू केंद्रात काम करत असेल तर त्याला बोलवा. अर्ज कसा लिहायचा, डिस्चार्ज कार्ड कसे वाचायचे, महाडीबीटीवर अर्ज कसा भरायचा, एवढे जरी मुलांना आले तरी वस्तीचे दहा हेलपाटे वाचतील. त्यातून दोघे-तिघे पुढे या शिक्षणाकडे वळतील. भीमजयंतीला डीजेसाठी जी वर्गणी जमते, तिच्यातला थोडा वाटा टायपिंगच्या फीसाठी आणि जात वैधतेच्या हेलपाट्यांसाठी काढून ठेवता आला, तर ती जयंती वर्षभर पुरेल.

आपल्या आईवडिलांनी दवाखान्याच्या फरशा पुसल्या, त्या कामाची आम्हाला लाज नाही. पण आपल्या आजाराचे नाव काय, आपला माणूस कशाने मेला, आपल्याला काय देणे लागते, हे ज्या कागदावर लिहिले जाते तो कागद वाचणारी, तपासणारी आणि जपणारी माणसे आपल्यातूनही आली पाहिजेत. यंदा बारावी झालेल्या आपल्या एका तरी मुलीला हे पान वाचून दाखवा.

जयभीम! नमो बुद्धाय!